वसईचा व्यापारी, नागासाकीचा हुतात्मा

भिवंडीहून कामणमार्गे पश्चिमेला गेले की वसई लागते. पोर्तुगीज अमलातील याच वसईत १५५६ च्या सुमारास गोन्सालो गार्सिया यांचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज, आई कोकणातील. येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाताखाली शिकून कोवळ्या वयातच ते जपानला गेले. तेथील भाषा आत्मसात करून त्यांनी धर्मशिक्षकाचे काम केले. मात्र येशूसंघात प्रवेशाची आस फळाला आली नाही, तेव्हा त्यांनी व्यापाराची वाट धरली.

व्यापारात जम बसला, पण मन रमले नाही. अखेर सारे सोडून मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात साधे बंधू म्हणून दाखल झाले. १५९३ मध्ये फादर पेद्रो बाप्तिस्ता यांचे दुभाषी बनून ते जपानला परतले. एकेकाळी व्यापारात उपयोगी पडलेली भाषा आता धर्मकार्याला लागली.

हिदेयोशीच्या आज्ञेने ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर २६ जणांना क्रुसावर चढविण्यात आले. त्यांत गोन्सालोही होते. १८६२ मध्ये पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद बहाल केले. भारतात जन्मलेल्यांपैकी हा मान प्रथम मिळाला तो धर्मगुरूपदही न लाभलेल्या या वसईकराला.