जमशेदपूरची पुंजी

बँकेत उभे आयुष्य काढलेल्या माणसाला एक खोड लागते. गोष्ट राजाराणीची असो की चोर-दरोडेखोरांची, ती ऐकताना त्याच्या मनात पहिला प्रश्न येतो, हे सगळे चालले होते कोणाच्या पैशावर? 'द ड्युरेल्स' ही इंग्रजी मालिका पाहताना माझे तेच झाले. ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीने २०१६ ते २०१९ या काळात तिचे २६ भाग दाखवले. साल १९३५. चार मुलांची विधवा आई इंग्लंडमधले बोर्नमथ गाव सोडते आणि सगळे बिऱ्हाड घेऊन ग्रीसच्या कॉर्फू बेटावर राहायला जाते. तिथे नात्यागोत्याचे कोणी नाही, भाषा येत नाही, कोणाला नोकरी नाही. समुद्र निळाशार, घर पडके, मुले भांडखोर आणि धाकट्याच्या खिशात सतत काहीतरी वळवळते आहे. पाहणाऱ्याला हसू येते. मला मात्र त्या बाईंचे पासबुक पाहावेसे वाटत होते.

तो खिशात किडे बाळगणारा धाकटा म्हणजे जेराल्ड ड्युरेल. पुढे तो प्राण्यांवरच्या पुस्तकांचा जगप्रसिद्ध लेखक झाला आणि नामशेष होऊ घातलेल्या प्राण्यांसाठी त्याने आपले आयुष्य वेचले. त्याच्या गोष्टीचा आरंभ कॉर्फूत नाही आणि बोर्नमथमध्येही नाही. तो आपल्याकडे आहे.

जेराल्डचा जन्म ७ जानेवारी १९२५ रोजी जमशेदपूरचा. टाटांच्या पोलाद कारखान्याभोवतीचे ते शहर तेव्हा अजून उभे राहत होते. त्याचे वडील लॉरेन्स सॅम्युअल ड्युरेल इंजिनिअर होते. रेल्वेच्या कामावर जालंधरपासून दार्जिलिंगच्या डोंगरापर्यंत फिरून अखेर त्यांनी जमशेदपुरात स्वतःची बांधकामाची कंपनी काढली. कामे भराभर मिळत गेली, पैसा आला. त्यांचा जन्म भारतातलाच आणि पत्नी लुईसाबाईंचाही. १८८६ साली रुरकीला जन्मलेल्या या बाईंचे माहेर आणि सासर दोन्ही इथलेच. एक मुलगी घटसर्पाने तान्हेपणीच गेली, तीही इथेच. घरात इंग्लंडला 'मायदेश' म्हणायची रीत होती, पण लुईसाबाईंच्या दृष्टीने तो केवळ एक शब्द होता. त्यांचा स्वयंपाकघरातला जीवही मसाल्यांच्या रश्श्यात होता आणि तो शेवटपर्यंत तिथेच राहिला.

१९२८ साली मेंदूत रक्तस्राव होऊन लॉरेन्स सॅम्युअल गेले. वय ४३. जेराल्ड तीन वर्षांचा होता. नवऱ्याने ठेवलेली पुंजी आणि मुले घेऊन लुईसाबाई बोटीने इंग्लंडला निघाल्या.

मालिकेतले स्थलांतर कॉर्फूचे आहे, पण या कुटुंबाचे खरे परदेशगमन हे होते. सगळे जग त्याला घरी परतणे म्हणत होते आणि बाईंचे घर तर मागे सुटत होते.

बँकेत अशा बाया मी पुष्कळ पाहिल्या. मुदतठेवीची पावती हातात घेऊन समोर बसायच्या. मागे दीर, भाऊ, थोरला मुलगा उभा. जो तो सल्ला देणारा. पैसा तिचा, पण त्या पैशाशी तिची ओळख कोणीच करून दिलेली नसायची. लुईसाबाईंचे दुःख याहून एका पायरीने खोल गेले. बोर्नमथच्या घरात त्या मद्याच्या आहारी गेल्या. त्यातून मनही ढासळले. थोरला लॉरेन्स, म्हणजे लॅरी, लेखक होण्याच्या खटपटीत होता. मधला लेस्ली बंदुकांत रमलेला, मुलगी मार्गो ऐन तारुण्यात, आणि धाकटा जेराल्ड आईला चिकटलेला. नऊ वर्षांचा असताना शाळेत मुख्याध्यापकांनी मारले म्हणून आईने त्याला शाळेतून काढले. तो पुन्हा कधीच शाळेत गेला नाही.

कॉर्फूची कल्पना लॅरीची. त्याचा एक मित्र आधीच तिथे जाऊन राहिला होता. ऊन भरपूर आणि राहणे स्वस्त. इंग्लंडमध्ये जे उत्पन्न अपुरे पडत होते, त्यात तिथे मोठा बंगला परवडणार होता. मार्च १९३५ मध्ये आधी लॅरी आणि त्याची नवी नवरी नॅन्सी, आणि पाठोपाठ आई व भावंडे बेटावर पोहोचली.

नॅन्सी हे नाव मालिकेच्या प्रेक्षकांना चकित करील. लॅरी विवाहित होता, आणि तो बराच काळ बायकोबरोबर कलामी या गावी समुद्रकाठी वेगळा राहत होता. जेराल्डने पुढे लिहिलेल्या पुस्तकात ही वहिनी नाहीच. लॅरी आईच्याच घरात राहतो आणि सगळ्यांवर तोंडसुख घेतो. मालिकेनेही त्याला घरातच ठेवले, आणि वर टॅक्सीवाल्या स्पिरोचे मन लुईसाबाईंवर जडवून दिले. स्पिरो खरा होता आणि कुटुंबाचा मोठा आधार होता. बाकीचे कथालेखकाचे.

दुसरा आधार थिओडोर स्टेफानिदेस यांचा. हे डॉक्टर, क्ष-किरणतज्ज्ञ, कवी आणि हाडाचे निसर्गअभ्यासक. योगायोग असा, की त्यांचा जन्म १८९६ सालचा आपल्या मुंबईचा. वडील तिथे राली ब्रदर्स या व्यापारी पेढीत होते. मुंबईत जन्मलेला हा ग्रीक गृहस्थ आणि जमशेदपूरला जन्मलेला इंग्रज पोरगा कॉर्फूच्या डबक्यांकाठी गुडघे टेकून पाण्यातले किडे पाहत बसत. थिओडोरनी मुलाला खिशात मावेल असा सूक्ष्मदर्शक भेट दिला. त्याहून मोठे म्हणजे त्याच्याशी ते बरोबरीच्या माणसासारखे बोलले. तीन वर्षांचा असताना बाप गेलेल्या मुलाला याचे मोल किती, हे वेगळे सांगायला नको.

ही चार वर्षे संपली ती १९३९ साली. पुस्तक सांगते की धाकट्याच्या शिक्षणासाठी परतावे लागले. खरे कारण माझ्यासारख्याच्या तत्काळ ध्यानात येणारे आहे. युद्ध भडकले तर इंग्लंडहून पैसे पाठवणे बंद होईल, असे लंडनच्या बँकेने बाईंना कळवले. स्वर्गातून बाहेर पडण्याचा हुकूम असा बँकेच्या पत्राने आला. लिहिणारा कारकून आपले काम चोख करत होता, यात शंका नाही.

आता पुंजीचे पुढे काय झाले ते पाहू. १९४६ साली जेराल्ड २१ वर्षांचा झाला आणि वडिलांच्या इस्टेटीतले ३,००० पौंड त्याच्या हाती आले. लेस्लीने आपल्या वाट्यातून मासेमारीची बोट घेतली होती, ती बुडाली. मार्गोने बोर्नमथमध्ये घर घेऊन भाडेकरू ठेवले. जेराल्डने तोवर व्हिपस्नेडच्या प्राणिसंग्रहालयात उमेदवारी केली होती. त्याने सगळे पैसे घेऊन आफ्रिकेतले कॅमेरून गाठले. तिथले प्राणी जिवंत पकडून इंग्लंडमधल्या संग्रहालयांना विकायचे, हा धंदा. पण तो प्राण्यांना उत्तम खाऊपिऊ घालायचा, संख्येने कमीच आणायचा. तीन मोहिमांत भांडवल संपले. १९५१ साली जॅकीशी लग्न केले तेव्हा खिसा रिकामा होता. नवरा-बायको मार्गोच्या घरातल्या एका लहानशा खोलीत राहिले.

लिहिण्याचा सल्ला लॅरीचा. जेराल्डला लिहिण्याचा कंटाळा; पण पैसे हवे होते. १९५३ साली पहिले पुस्तक आले आणि खपले. मग काविळीने अंथरुणावर पडलेला असताना त्याने कॉर्फूच्या दिवसांचे पुस्तक लिहिले. 'माय फॅमिली अँड अदर अॅनिमल्स' १९५६ साली निघाले आणि घरोघरी गेले. त्यात ऊन आहे, कासवे आहेत, हसणे आहे. बापाच्या मृत्यूचे दुःख नाही, आईची बाटली नाही. तो खोटे लिहीत होता, असे मी म्हणणार नाही. आईला जशी पाहायला आवडली असती तशी त्याने ती लिहिली. त्या वेळी ती हयात होती आणि वाचणार होती. मालिकेने साठ वर्षांनी तिच्या एकटेपणावर थोडा उजेड पाडला, ते बरे झाले.

पुस्तकांचा पैसा पुन्हा प्राण्यांकडे गेला. मनात एक गोष्ट पक्की होती : प्राणिसंग्रहालय हा तमाशाचा तंबू नाही, जो प्राणी जंगलातून नाहीसा होत आहे त्याची पैदास करून त्याला परत घरी पाठवण्याची ती जागा असली पाहिजे. १९५९ साली जर्सी बेटावर त्याने असे संग्रहालय उघडले. कर्जाला त्याचा प्रकाशक जामीन राहिला. लुईसाबाईही तिथे मुलाजवळ राहायला आल्या. तीन-चार वर्षांत संस्था बुडायला आली, तेव्हा जेराल्डने कारभार स्वतःकडे घेतला, पगार घेतला नाही आणि १९६३ मध्ये विश्वस्त संस्था स्थापली. बोधचिन्ह निवडले ते डोडोचे, मॉरिशसमधून कायमच्या गेलेल्या पक्ष्याचे. आपली मराठी माणसे जिथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत, त्या मॉरिशसमधले गुलाबी कबूतर आणि तिथला खरुची जातीचा छोटा ससाणा आज शिल्लक आहेत, त्यात या संस्थेचा मोठा हात आहे. १९७४ च्या सुमारास हे ससाणे उणेपुरे चार उरले होते.

याची किंमत जेराल्डने दिली. आईची बाटली त्याच्याही हाती आली. आपल्या पुस्तकामुळे प्रवाशांची झुंबड उडून कॉर्फू बिघडले, या अपराधी भावनेने साठच्या दशकाच्या अखेरीस त्याचे मन खचले, उपचार घ्यावे लागले. पहिला संसार मोडला. १९७९ मध्ये त्याने पुन्हा लग्न केले. यकृत बदलण्याची शस्त्रक्रिया झाली, पण ३० जानेवारी १९९५ रोजी तो जर्सीत वारला. आई १९६४ सालीच गेली होती. आणि जालंधरला जन्मलेला लॅरी? 'अलेक्झांड्रिया क्वार्टेट'चा हा नामवंत लेखक. साठच्या दशकात कायदे बदलले आणि ब्रिटनमध्ये कायम राहण्याचा हक्क त्याला आपोआप मिळेनासा झाला. ज्याला घर म्हणायला शिकवले, त्या घराने असे दार लोटून घेतले.

जेराल्ड गेला त्याच वर्षी त्याच्या संस्थेने आसामात एक काम हाती घेतले. मानसच्या गवताळ रानात उरलेले, सशापेक्षा थोडेच मोठे असे बुटके रानडुक्कर वाचवण्याचे. १९९६ मध्ये सहा जनावरे पकडली. गुवाहाटीजवळ त्यांची पैदास केली आणि २००८ पासून त्यांची पिल्ले पुन्हा रानात सोडली जात आहेत. लुईसाबाईंची बोट इंग्लंडला निघाली, त्यानंतर ६७ वर्षांनी हे नाव असे परत आले.

१९३५ साली त्या बाई माझ्यासमोर बसल्या असत्या, तर मी त्यांना समजावले असते : ठेव मोडू नका, मुलाला शाळेत घाला, थोरल्याला नोकरी बघायला सांगा. नियमाने तेच बरोबर होते. लेस्लीची बुडालेली बोट पाहिली की अजूनही तेच बरोबर वाटते. मग त्या सहा रानडुकरांची आठवण होते, आणि माझा सल्ला ऐकायला त्या बाई माझ्या शाखेत आल्या नाहीत, याचे बरे वाटते.