औंढ्यात कच्चे मडके पक्के झाले!

कयाधू नदीच्या काठचे नरसी हे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून वारकऱ्यांना वंदनीय आहे. १९९९ मध्ये परभणीचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला आणि नरसीबरोबरच औंढा नागनाथचे प्राचीन शिवमंदिरही याच जिल्ह्यात आले. नामदेवांचा जन्म नरसीचा. मात्र त्यांचे मन नव्याने घडले ते औंढ्यात. भय आणि काळजी यांच्या मुळाशी असलेला विचार तपासून त्यांवर मात कशी करावी, हा आधुनिक मानसोपचाराचा विषय. सातशे वर्षांपूर्वीच्या या चरित्रात त्याचे ठळक प्रतिबिंब दिसते.

नामदेवांचा जन्म इ. स. १२७० चा. वडील दामाशेटी, आई गोणाई, व्यवसाय शिंप्याचा. बालपण पंढरपुरात, विठ्ठलाच्या सान्निध्यात गेले. देवाने नैवेद्य खाल्ला नाही म्हणून व्याकूळ झालेला आणि डोके आपटून घ्यायला निघालेला बाल नामदेव मराठी घराघरांत परिचित आहे. या कथेतील निरागसपणाचे कौतुक होते. पण त्यामागची धास्तीही लक्षात घेण्याजोगी आहे. देव रुसला तर आपले कसे होणार, ही ती धास्ती. मोठेपणीही ती सरली नाही. विठ्ठल पंढरीच्या राउळातच आहे आणि त्याच्यापासून दूर गेलो तर आपण पोरके, अशी त्यांची पक्की समजूत होती. ज्ञानेश्वरांबरोबर तीर्थयात्रेला निघताना त्यांचा पाय पंढरपुरातून निघेना. या विरहाची आर्तता त्यांच्या नावावरील 'तीर्थावळी'च्या अभंगांतून व्यक्त झाली आहे.

पुढे संतांच्या मेळ्यात तो प्रसिद्ध प्रसंग घडला. गोरोबा कुंभारांनी थापटणे हाती घेतले आणि मडकी तपासावीत तशी एकेकाच्या डोक्यावर थाप मारली. इतर संत शांत राहिले. नामदेव मात्र संतापले. गोरोबांनी निर्वाळा दिला, की हे मडके अद्याप कच्चे आहे. देवाच्या लाडक्या भक्ताला हा घाव सोसवला नाही. ते रडत विठ्ठलाकडे गेले. देवानेही त्यांची समजूत न काढता त्यांना विसोबा खेचरांकडे जाण्यास सांगितले, असे परंपरा सांगते.

विसोबाही एकेकाळी ज्ञानेश्वरादी भावंडांचे कट्टर विरोधक होते. अनुभवाने मत पालटलेला हा माणूस गुरू म्हणून लाभला, हे विशेष. नामदेव औंढ्याला पोहोचले, तेव्हा विसोबा चक्क शिवलिंगावर पाय ठेवून पहुडले होते. नामदेवांनी आक्षेप घेतला. विसोबांनी वाद घातला नाही. जेथे देव नसेल तेथे आपले पाय उचलून ठेवावेत, एवढेच सांगितले. नामदेव पाय उचलून जेथे ठेवत, तेथे पिंडी दिसे. अखेर देव नाही अशी जागाच उरली नाही.

अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात आणि ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात विचार बदलून भावना बदलण्याची उपचारपद्धती मांडली. तिचा गाभा सोपा आहे. घटनेपेक्षा घटनेचा आपण लावलेला अर्थ माणसाला अधिक छळतो. साहेबांनी फोन उचलला नाही, म्हणजे आता नोकरी जाणार, असे मन ठरवून टाकते आणि झोप उडते. अशा वेळी तो विचार नेमका पकडावा, त्याला पुरावा काय ते विचारावे, प्रत्यक्ष कृतीने तो पडताळावा आणि ज्याची भीती वाटते त्याला थोडे थोडे सामोरे जावे, अशी ही रीत. नामदेवांचा अनुभव आध्यात्मिक होता, तो उपचार नव्हे. तथापि, समजूत स्वतःच्या हाताने पडताळून पाहण्याची वाट दोन्हीकडे सारखीच आहे.

या बदलाची खरी कसोटी पुढे लागली. १२९६ मध्ये ज्ञानेश्वरांनी आळंदीत समाधी घेतली. पाठोपाठ त्यांची भावंडेही गेली. जिवलग हरपले तेव्हा नामदेव अवघे २६ वर्षांचे होते. पूर्वीचे नामदेव कदाचित पंढरीच्या महाद्वारात कोसळले असते. हे नामदेव उत्तरेकडे निघाले. पंढरपूर सोडताना जीव कासावीस होणारा हा भक्त पंजाबातील घुमान येथे दीर्घकाळ राहिला आणि तेथील लोकांच्या भाषेत पदे रचू लागला. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. २०१५ मध्ये याच घुमानला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते.

विठ्ठलावरील त्यांचे प्रेम उणावले नाही. गेली ती केवळ त्याला गमावण्याची भीती. भय गेल्यावर प्रेमाला अवघा देश मोकळा झाला. १३५० मध्ये नामदेवांनी पंढरपुरात समाधी घेतली, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. महाद्वारातील नामदेव पायरी आजही त्यांची आठवण देते.

अर्थात, प्रत्येकाला औंढ्याची वाट एकट्याने सापडेलच असे नाही. काळजीने झोप, भूक किंवा कामकाज बिघडले असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घेण्यात कमीपणा मुळीच नाही. खुद्द नामदेवांनाही विसोबांकडे जावेच लागले होते.