साखळी तुटली नाही!

बीड जिल्ह्यातले धर्मापुरी ओळखले जाते ते केदारेश्वराच्या प्राचीन मंदिरासाठी. या दुष्काळी मुलखात उन्हाळ्यात पाण्याच्या वाटेवर दिसतात त्या प्लॅस्टिकच्या घागरी आणि शेतात ठिबकच्या काळ्या नळ्या. हा पदार्थ मुळात असतो कसा, हे पटवून देण्यात एका माणसाची उमेदीची वर्षे गेली. त्यांचे नाव हेरमान श्टाउडिंगर.

जर्मनीतील वर्म्स येथे १८८१ साली त्यांचा जन्म झाला. ओढा वनस्पतिशास्त्राचा, पण झाडे समजून घ्यायची तर आधी रसायन शिकावे, या सल्ल्याने ते रसायनशास्त्राकडे वळले आणि तिथलेच झाले.

१९२० साली, झुरिचला प्राध्यापक असताना, त्यांनी मांडले की रबरासारखे पदार्थ म्हणजे असंख्य लहान रेणूंची एकसंध साखळी. भल्याभल्यांना हे पटेना. एवढा मोठा रेणू कसा असेल? हे तर लहान रेणूंचे नुसते पुंजके!

साखळी बनते कशी? मुलांचा खेळ आठवा. दोघे-दोघे दोन्ही हात धरून उभे आहेत. एक एकटा मुलगा येतो आणि जोडीतल्या एकाचा हात ओढून धरतो. जोडीचा एक हात धरलेलाच राहतो. पण पलीकडच्याचा दुसरा हात मोकळा होतो. तो पुढच्या जोडीला धरतो. रांग लांबतच जाते आणि दोन मोकळे हात एकमेकांना भेटले की थांबते. इथिलीनमधला दुहेरी बंध असाच उघडतो आणि पॉलिथीन तयार होते. बाहेर काही टाकले जात नाही, सारी बेरीजच. यालाच समावेशन बहुवारिकीकरण म्हणतात.

१९२२ मध्ये श्टाउडिंगर यांनी रबराचे दुहेरी बंध हायड्रोजनने मिटवले. पुंजके असते तर ते विखुरले असते. साखळी मात्र टिकली.

माणूसही तसाच चिवट. पहिल्या महायुद्धात त्यांनी विषारी वायूंच्या वापराला विरोध केला होता. नाझी राजवटीत तो अंगाशी आला. १९३४ मध्ये फ्रायबुर्गची प्राध्यापकी जाता जाता वाचली. १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात त्यांची प्रयोगशाळा उद्ध्वस्त झाली. वनस्पतिशास्त्रज्ञ पत्नी माग्दा संशोधनातही सोबत होत्या. अखेर १९५३ साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, नोबेल पारितोषिक मिळाले. १९६५ मध्ये ते निवर्तले.

साखळी सहजी तुटत नाही, म्हणून घागर टिकते. त्याच गुणापायी फेकलेली पिशवीही वर्षानुवर्षे नाल्यात पडून राहते. महाराष्ट्राला २०१८ मध्ये प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आणावी लागली. साखळी जुळते कशी, हे श्टाउडिंगर यांनी सांगितले. ती सोडवायची कशी, हे कोडे आपल्या पदरी आले आहे.