ड्यूकची माणसं

सुरुवातीलाच एक कबुली. माझं शिक्षण पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये झालं. घरी मराठीच बोलतो, पण लिहायला बसले की ऱ्हस्व-दीर्घ माझ्याशी भांडायला उठतात. मराठी विभागाच्या ताईंनी चुका सुधारून घ्यायची तयारी दाखवली म्हणून हे धाडस. उरलेल्या चुका माझ्या.

आमच्या हॉस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर दर रविवारी मेसचं जेवण झालं की काही मुली एका रूममध्ये जमतात आणि जॅझ ऐकतात. बाकीची विंग आम्हाला 'पीं-पीं गँग' म्हणते. हे गेली आठ वर्षं चाललंय. ज्या ताईंनी सुरू केलं त्यांना मी पाहिलेलंही नाही, त्यांचा एक जुना स्पीकर तेवढा आमच्याकडे आहे. यंदा फायनल इयरच्या चौघी जाणार आणि जुन्यांपैकी मी एकटी उरणार. शेवटच्या रविवारी कोणाचं संगीत लावायचं आणि काय बोलायचं हे माझ्यावर सोपवलं होतं. मनातून मी ठरवलं होतं, छानसं काहीतरी लावू आणि गँग बंद झाली असं जाहीर करू. त्यासाठी ड्यूक एलिंग्टन निवडला, कारण त्याने एकच बँड पन्नास वर्षं चालवला. एवढ्या वर्षांत किती जणांना निरोप दिला असेल! त्या निमित्ताने त्याचं आयुष्य वाचून काढलं. ते तुम्हाला सांगते.

एडवर्ड केनेडी एलिंग्टन २९ एप्रिल १८९९ रोजी अमेरिकेच्या राजधानीत, वॉशिंग्टनमध्ये जन्मला. आई डेझी, वडील जेम्स. वडील बटलरचं काम करायचे, नंतर नौदलाच्या कचेरीत ब्लूप्रिंट बनवायला लागले. (ड्रॉइंगची शीट तीन-तीनदा परत मिळालेल्या माझ्या मैत्रिणींनी इथे एक नमस्कार करावा.) काळ्या लोकांना अमेरिकेत पदोपदी अपमान सोसावा लागत होता, पण या घरात मुलाला राजपुत्रासारखं वाढवलं. त्याचे कपडे आणि चालणं-बोलणं इतकं ऐटीत असायचं, की मित्राने त्याला ड्यूक, म्हणजे सरदार, हे नाव दिलं. ते जन्मभर चिकटलं.

सात वर्षांचा असताना पियानोची शिकवणी लावली, पण त्याचं लक्ष बेसबॉलमध्ये. सामन्यांच्या वेळी मैदानावर शेंगदाणे विकायचा. पुढे एका सोडा फाउंटनवर नोकरी करताना त्याने पहिली चाल बांधली. चित्रकलाही उत्तम होती. न्यूयॉर्कच्या प्रॅट इन्स्टिट्यूटची शिष्यवृत्ती चालून आली, ती त्याने सोडली. शाळाही शेवटचे काही महिने राहिले असताना सोडली. (हे घरी सांगू नका.) पोट भरायला तो पाट्या आणि पोस्टर रंगवायचा. कोणी नाचाच्या कार्यक्रमाचं पोस्टर सांगायला आलं, की हा विचारायचा वाजवायला कोण आहे. कोणी नसेल तर मी येतो. म्हणजे धंद्याची अक्कल पहिल्यापासून होती.

१९२३ मध्ये तो मित्रांबरोबर न्यूयॉर्कला गेला आणि १९२४ मध्ये त्या छोट्या बँडचा प्रमुख झाला. ४ डिसेंबर १९२७ पासून हार्लेममधल्या कॉटन क्लबात त्यांचं काम सुरू झालं. हा क्लब म्हणजे अजब प्रकार. वाजवणारे, नाचणारे सगळे काळे आणि समोर बसून बघायची परवानगी फक्त गोऱ्यांना. पण तिथून रेडिओवर कार्यक्रम जायचा, आणि रेडिओला दारवान नसतो. देशभर नाव झालं. पुढे दक्षिणेत दौरे निघाले तेव्हा काळ्यांना धड हॉटेल मिळेना. मग ड्यूकने रेल्वेचे डबेच भाड्याने घेतले. बँड तिथेच जेवायचा, तिथेच झोपायचा. आमच्या आय.व्ही.च्या बससारखंच म्हणा, फक्त आम्ही ते मजेसाठी करतो.

आता मुख्य गोष्ट. संगीत लिहिणारा माणूस साधारणपणे वाद्यासाठी लिहितो: हे ट्रम्पेटचं, हे सॅक्सोफोनचं. ड्यूक माणसासाठी लिहायचा. वादकाच्या हातात जो कागद पडे त्यावर पुष्कळदा वाद्याचं नाव नसायचं, त्याचं स्वतःचं किंवा टोपणनाव असायचं. जॉनी हॉजेसच्या सॅक्सोफोनचा सूर लोण्यासारखा, तर त्याच्यासाठी तशी जागा. कूटी विल्यम्सचा ट्रम्पेट गुरगुरायचा, तर त्याला गुरगुरायला वाव. हॅरी कार्नी १९२७ मध्ये सतरा वर्षांचा असताना बँडमध्ये आला. त्याच्या बॅरिटोन सॅक्सोफोनच्या खर्जावर सगळी इमारत उभी असायची. आपल्या भाषेत सांगायचं तर ड्यूकने आधी खांब बघितले आणि मग प्लॅन काढला.

यात धोका उघड आहे. खांब निघून गेला तर?

१९४० मध्ये कूटी गेला. त्याच वर्षी ड्यूकने 'कॉन्सर्टो फॉर कूटी' नावाची रचना खास त्याच्यासाठी केली होती, आणि महिने गेले नाहीत तोच तो दुसऱ्या बँडमध्ये दाखल! त्याच्या जागी रे नान्स आला. तो ट्रम्पेट वाजवायचा, व्हायोलिन वाजवायचा, गायचा, नाचायचाही. ड्यूकने त्याला दुसरा कूटी बनवायचा प्रयत्न केला नाही. त्याला त्याचं काम दिलं. १९४१ मध्ये 'टेक द ए ट्रेन' रेकॉर्ड झालं त्यात रे नान्सने जो सोलो वाजवला, तो इतका बसला की नंतरचे ट्रम्पेटवाले तोच वाजवत राहिले.

'ए ट्रेन' ही बँडची ओळख झाली, पण ती ड्यूकची रचना नाही. ती बिली स्ट्रेहॉर्नची. १९३८ च्या डिसेंबरात पिट्सबर्गला एक लाजरा, चष्मेवाला, तेवीस वर्षांचा मुलगा ड्यूकला भेटायला आला. ड्यूकने त्याला न्यूयॉर्कला बोलावलं आणि घरी कसं यायचं ते सांगितलं. कोणती मेट्रो पकडायची या माहितीतून ते गाणं झालं! पुढची २८ वर्षं दोघांनी मिळून इतकं लिहिलं, की कुठली ओळ कोणाची हे जाणकारांनाही सांगता येत नाही.

सगळं सुरळीत नव्हतं. दुसऱ्या महायुद्धानंतर मोठे बँड एकामागून एक बंद पडले. पंधरा-सोळा माणसांचा पगार परवडेना. ड्यूकलाही परवडत नव्हतं. तो आपल्या गाण्यांच्या रॉयल्टीतून बँडचे पगार भागवायचा. त्यालाही बंद करता आलं असतं, घरी बसून आरामात खाता आलं असतं. पण काल रात्री लिहिलेलं आज वाजताना ऐकायचं, तर ती माणसं हाताशी हवीत. १९५१ मध्ये हॉजेससकट तीन जुने लोक एकदम सोडून गेले. सगळ्यांनी मानलं, की संपला ड्यूक.

७ जुलै १९५६, न्यूपोर्टचा जॅझ महोत्सव. मध्यरात्र व्हायला आलेली, लोक घरी निघालेले. ड्यूकने १९३७ मधली एक जुनी रचना काढली आणि मधल्या जागेत पॉल गोन्साल्विसला टेनर सॅक्सोफोन घेऊन सोडलं. पॉलने ब्लूजची सत्तावीस आवर्तनं सलग वाजवली. काळ्या पोशाखातली एक बाई उठून नाचायला लागली, मग निघालेले लोक परत फिरले, खुर्च्यांवर चढले. पुढच्याच महिन्यात 'टाइम'च्या मुखपृष्ठावर ड्यूक होता. हॉजेस तर आदल्या वर्षीच परत आला होता. पॉलचं आडनाव ऐकून आमच्यातली मडगावची मैत्रीण लगेच खूश झाली, पण त्याचे आईवडील केप व्हर्डेचे. राज्य मात्र दोन्हीकडे पोर्तुगीजांचं, म्हणून आडनावं सारखी. हा पॉल दारूच्या नादात कधी स्टेजवरच डुलक्या घ्यायचा. ड्यूकने त्याला काढलं नाही. माणसं काढणं त्याला जमायचंच नाही.

१९६३ मध्ये अमेरिकन सरकारने बँडला पश्चिम आणि दक्षिण आशियाच्या दौऱ्यावर पाठवलं. ते आपल्याकडेही आले होते. दिल्लीत ड्यूक आजारी पडून हॉस्पिटलमध्ये गेला, तर बँडने त्याच्याशिवाय कार्यक्रम केला. पुढे मुंबईतही ते वाजवून गेले. नोव्हेंबरात तुर्कस्तानात असताना केनेडींची हत्या झाली आणि दौरा आटोपता घेतला. या प्रवासातून 'फार ईस्ट स्वीट' तयार झालं. त्यात आग्र्यावर एक रचना आहे आणि दिल्लीत ऐकलेल्या एका मैनेवर दुसरी. क्लॅरिनेटवरची ती मैना आमच्या विंगेत सगळ्यांना आवडते. पीं-पीं म्हणणाऱ्यांनाही.

१९६५ मध्ये परीक्षकांनी ड्यूकला पुलित्झरचा खास सन्मान द्यावा असं सुचवलं, मंडळाने नाकारलं. तीन परीक्षकांपैकी दोघांनी राजीनामे दिले. ड्यूकने हसून सोडून दिलं आणि पुढच्या गावाला गेला. (तो सन्मान मिळाला १९९९ मध्ये. तेव्हा तो असता तर शंभर वर्षांचा असता.)

मग निरोपांची रांग लागली. ३१ मे १९६७ ला स्ट्रेहॉर्न कॅन्सरने गेला. शेवटची रचना त्याने हॉस्पिटलमधून पाठवली होती. त्याच वर्षी ड्यूकने फक्त त्याच्या रचनांची रेकॉर्ड केली. एका सेशनच्या शेवटी वादक वाद्यं पेटीत भरत होते, गप्पा चालू होत्या, आणि ड्यूक एकटाच पियानोवर स्ट्रेहॉर्नचं 'लोटस ब्लॉसम' वाजवत बसला. ते रेकॉर्ड झालं. मागे लोकांची आवराआवर ऐकू येते आणि हळूहळू ती थांबते. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दुसऱ्या दिवशी व्हायवा होता आणि मी काहीच वाचू शकले नाही.

११ मे १९७० ला हॉजेस डेंटिस्टकडे गेला असताना तिथेच वारला. तेव्हा 'न्यू ऑर्लिन्स स्वीट' अर्धं झालं होतं. त्यात त्याच्यासाठी एक खास भाग ठेवलेला होता. ड्यूकने तो फाडला नाही. पॉल गोन्साल्विसकडे दिला आणि पॉलने तो आपल्या पद्धतीने वाजवला.

१९७४ च्या मे महिन्यात ड्यूक स्वतः फुफ्फुसाच्या कॅन्सरने न्यूयॉर्कच्या हॉस्पिटलमध्ये होता. खाटेशेजारी इलेक्ट्रिक पियानो, लिहिणं चालूच. १५ मे रोजी लंडनमध्ये पॉल गेला. ही बातमी ड्यूकपासून लपवून ठेवली. २४ मे रोजी तोही गेला. पंचाहत्तर वर्षं आणि हजाराहून जास्त रचना. अंत्यविधीला बारा हजारांवर लोक आले, एला फिट्झजेराल्ड गायली.

आणि त्यानंतर बँडने काय केलं? ड्यूकचा मुलगा मर्सर सगळ्यांना घेऊन बर्म्युडाला गेला, कारण तिथला कार्यक्रम आधीच कबूल केलेला होता. हॅरी कार्नी बरोबर होता. सतराव्या वर्षी आलेला हा माणूस सत्तेचाळीस वर्षं त्याच बँडमध्ये राहिला. गावोगावी ड्यूकला आपल्या गाडीतून नेणारा तोच. त्याच ऑक्टोबरात तोही गेला. मर्सरने बँड १९९६ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या शेवटापर्यंत चालवला. जाणकार म्हणतात तो पूर्वीसारखा नव्हता. नसणारच. ज्यांच्यासाठी लिहिलं ती माणसंच नव्हती. पण वाजत होता.

हे सगळं वाचून माझी पंचाईत झाली. मी पाहत होते की ड्यूकने पन्नास वर्षं बँड सांभाळला म्हणजे काय केलं. गेलेल्याच्या खुर्चीवर त्याच्यासारखाच दुसरा आणून बसवला नाही, आणि खुर्ची रिकामी ठेवून पूजाही केली नाही. नवीन येईल त्याच्यासाठी नवीन लिहिलं. मी मात्र वर्षभर फर्स्ट इयरच्या दोन मुलींना रांगेत मागे बसवत होते. त्यांना ड्यूक जुनाट वाटतो, त्यांना कुठलं तरी नवीन जॅझ ऐकायचं असतं, आणि दर वेळी मी पुढच्या रविवारी बघू म्हणून टाळत होते. गँग संपतेय असं मला वाटत होतं, कारण माझ्या माणसांशिवाय ती मला नको होती.

शेवटच्या रविवारी 'लोटस ब्लॉसम' लावलं. चौघीजणी खरोखरच सामान आवरायच्या मधून उठून आल्या होत्या, एकीच्या हातात अजून सेलोटेप होती. एक ताई रडली, मग सगळ्याच रडलो. बंद करायचं जे भाषण लिहून आणलं होतं ते मी केलं नाही. स्पीकरची वायर त्या फर्स्ट इयरच्या मुलींपैकी एकीच्या हातात दिली आणि म्हटलं, पुढच्या रविवारी तू लाव.

तिने काय लावलं ते मला फारसं आवडलं नाही. पण मी शेवटपर्यंत बसले होते. तुम्हीही या, दुसरा मजला, मेसनंतर. येताना खुर्ची आणा, आमच्याकडे कमी आहेत.