संगणकाला शब्द शिकवणाऱ्या ग्रेस हॉपर

संगणकातली एखादी नोंद पुसायची तर आज ‘डिलीट’ हा एक शब्द पुरतो. यंत्राला आकड्यांऐवजी असे शब्द देता येतील, हा आग्रह ज्यांनी धरला त्यांत ग्रेस हॉपर यांचे नाव अग्रभागी आहे.

९ डिसेंबर १९०६ रोजी न्यू यॉर्कमध्ये जन्मलेल्या ग्रेस यांनी १९३४ मध्ये येल विद्यापीठातून गणितात डॉक्टरेट मिळवली. दुसऱ्या महायुद्धात प्राध्यापकी सोडून त्या अमेरिकी नौदलात दाखल झाल्या आणि १९४४ मध्ये हार्वर्डच्या ‘मार्क-१’ या गणनयंत्रावर रुजू झाल्या. त्या काळी यंत्राला आज्ञा द्यायच्या त्या आकड्यांतच. हिशेब सांभाळणाऱ्यांना ही भाषा कशी कळणार, हा प्रश्न त्यांना सतावत होता. पुढे त्यांनी इंग्रजी शब्दांत आज्ञा देता येणारी ‘फ्लो-मॅटिक’ ही भाषा घडवली. १९५९ मध्ये समितीने आखलेल्या ‘कोबोल’चा पाया बऱ्याच अंशी हीच भाषा ठरली.

तेव्हा नोंदी चुंबकीय फितीवर असत. एक नोंद काढायची, तर ती वगळून बाकी सगळी फीत नव्याने उतरवावी लागे. डिस्क आल्यावर प्रत्येक नोंदीला ‘की’, म्हणजे ओळख क्रमांक देऊन थेट तिच्यापर्यंत पोहोचता येऊ लागले. कोबोलच्या १९७४च्या प्रमाणित आवृत्तीत अशा फाइलींसाठी ‘डिलीट’ ही आज्ञा आली. आज्ञेत नाव फाइलचे असते. पुसली जाते ती मात्र दिलेल्या क्रमांकाची एकच नोंद.

धोका इथेच आहे. क्रमांक फाइलमध्ये नसेल, तर ‘इनव्हॅलिड की’ या सूचनेने चूक पकडता येते. पण एका आकड्याच्या गफलतीने दुसऱ्याच निवृत्तिवेतनधारकाचा क्रमांक पडला, तर यंत्र त्याचीच नोंद मुकाट्याने पुसते. म्हणूनच जाणते प्रोग्रामर आधी नोंद वाचून नाव ताडून पाहतात आणि मूळ फाइलची प्रत जपतात. आज्ञा शब्दांत असल्याने ही पडताळणी केली आहे की नाही, हे दुसऱ्या माणसालाही वाचून तपासता येते. हॉपर यांच्या आग्रहाचे मोल इथे कळते.

१९८६ मध्ये, वयाच्या ७९व्या वर्षी, त्या रिअर अॅडमिरल पदावरून निवृत्त झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. बँका आणि सरकारी कचेऱ्यांत कोबोल त्यांच्यानंतरही चालूच राहिली.