पटकी जात पाहत नाही, पाणी पाहते

पटकी म्हणजे मागास देशांचा रोग, असे मानणाऱ्यांनी १८९२ चे हॅम्बुर्ग आठवावे. जर्मनीच्या या श्रीमंत बंदरात काही आठवड्यांत सुमारे ८,६०० माणसे पटकीने मेली. हॅम्बुर्ग एल्बे नदीचे पाणी न गाळताच नळाला सोडत होते. शेजारचे आल्टोना तेच पाणी वाळूतून गाळून पीत होते. ते बऱ्याच अंशी वाचले.

त्याच वर्षी १८ जुलैला पॅरिसमध्ये वाल्डेमार हाफकिन यांनी पटकीची लस स्वतःच्या अंगात टोचून घेतली. १८६० साली ओडेसात ज्यू कुटुंबात जन्मलेला हा संशोधक. धर्म बदलल्याशिवाय झारशाहीत विद्यापीठात पद नाही, ही अट त्यांनी धुडकावली. देश सोडला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत ग्रंथालयातले दुय्यम काम पत्करले आणि तेथेच लस शोधली. १८९३ मध्ये भारतात येऊन ते कलकत्त्याच्या गलिच्छ वस्त्यांत लस टोचत फिरले.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. हाफकिन यांनी प्लेगचीही लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचली. १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी लस घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. चूक प्रयोगशाळेची नव्हती, तरी खापर हाफकिन यांच्यावर फुटले. दोषमुक्त व्हायला १९०७ उजाडले. परळच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचे नाव मिळाले. १९३० मध्ये लोझान येथे ते वारले.

प्लेगनंतर १८९८ साली मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे हे मूळ गाव असलेले बाबासाहेब परळला याच ट्रस्टच्या चाळीत राहिले. १९२७ मध्ये महाडला त्यांनी चवदार तळ्याचे पाणी प्यायले, तेव्हा सनातन्यांनी शेण-गोमूत्र ओतून तळे 'शुद्ध' केले! हॅम्बुर्गने साथीनंतर वर्षभरात पाणी गाळण्याची यंत्रणा उभारली. आपल्याकडे मात्र शुद्धीची कल्पना जातीशी जोडली गेली, जंतूशी नाही.

लस काही काळ वाचवते. कायमचे वाचवते ते स्वच्छ पाणी. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या रत्नागिरीतील वाड्यांनी आणि आपल्या बौद्धवाड्यांनी ग्रामपंचायतीला एवढेच विचारावे: विहीर केव्हा उपसली, क्लोरीन केव्हा टाकले, पाणी केव्हा तपासले? ही भीक नव्हे, हक्क आहे. हाफकिन यांचे स्मरण आणि महाडचा वारसा, दोन्ही या प्रश्नात आहेत.