सर ह्यू केर्न्स

१९३५ सालच्या मे महिन्याची तेरावी तारीख. दक्षिण इंग्लंडातील डॉर्सेट परगण्यात एक गृहस्थ मोटारसायकलवरून घराकडे परतत होते. सायकलींवरून चाललेली दोन मुले त्यांना एकाएकी समोर दिसली. मुलांना वाचविण्यासाठी त्यांनी गाडी झटकन बाजूला वळविली आणि ते स्वतः दूर फेकले गेले. मस्तकावर जबर आघात होऊन ते बेशुद्ध पडले. पहिल्या महायुद्धात तुर्कांविरुद्ध अरबांच्या बंडात भाग घेऊन जगभर प्रसिद्धी पावलेले टी. ई. लॉरेन्स ते हेच. त्यांच्या उपचारांसाठी जे नामांकित डॉक्टर बोलावले गेले, त्यांत अडतीस वर्षांचे एक शस्त्रवैद्य होते. त्यांचे नाव ह्यू केर्न्स. सहा दिवस लॉरेन्स शुद्धीवर आले नाहीत. १९ मे रोजी त्यांचे प्राण गेले.

केर्न्स यांचा जन्म २६ जून १८९६ रोजी ऑस्ट्रेलियातील पोर्ट पिरी या गावी झाला. वडील सुतारकाम करीत. घरची स्थिती बेताचीच. परंतु मुलगा बुद्धिमान आणि कष्टाळू होता. ॲडलेड येथे वैद्यकीचे शिक्षण घेऊन, महायुद्धात सैन्यात सेवा करून, शिष्यवृत्तीच्या बळावर तो ऑक्सफर्डला आला. तेथे अभ्यासाबरोबर त्याने नौकानयनातही नाव मिळविले.

पुढे १९२६ साली केर्न्स अमेरिकेत बोस्टन येथे डॉक्टर हार्वे कुशिंग यांच्या हाताखाली शिकावयास गेले. मेंदूच्या शस्त्रक्रियेत कुशिंग यांची बरोबरी करणारा त्या काळी क्वचितच कोणी असेल. घाई करावयाची नाही, रक्त वाहणारी प्रत्येक बारीक शीर बंद केल्यावाचून पुढे जावयाचे नाही, आणि मेंदूला अगदी हळुवारपणे हात लावावयाचा, ही त्यांची शिस्त. ती अंगी बाणवून केर्न्स इंग्लंडला परतले.

एवढे कौशल्य हाती असताना लॉरेन्स का वाचले नाहीत? मुलांनो, आपला मेंदू अतिशय मऊ असतो आणि तो कवटीच्या कठीण पेटीत बंद असतो. मस्तकावर आघात झाला की आत रक्त साचते किंवा मेंदूला सूज येते. कवटी तर फुगू शकत नाही. म्हणून सारा दाब मेंदूवरच पडतो. रक्त साचले असेल, तर शस्त्रवैद्य कवटीला भोक पाडून ते वेळीच बाहेर काढतो आणि रोगी कित्येकदा बचावतो. परंतु आघाताच्या क्षणीच मेंदूचे तंतू फाटले असतील, तर ते सांधणारी सुई आजही कोणापाशी नाही.

१९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू झाले. केर्न्स तेव्हा ऑक्सफर्ड विद्यापीठात शस्त्रक्रियेचे प्राध्यापक होते. तेथील सेंट ह्यूज या स्त्रियांच्या महाविद्यालयात १९४० साली केवळ मस्तकाच्या जखमांसाठी लष्करी रुग्णालय उघडण्यात आले. हजारो जखमी सैनिकांवर तेथे उपचार झाले. शिवाय जखमी मनुष्य दूरच्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत फार वेळ जातो, म्हणून रुग्णालयानेच त्याच्याकडे गेले पाहिजे, असे केर्न्स यांनी ठरविले. शस्त्रवैद्य, परिचारिका आणि सर्व उपकरणे यांसह मोटारींतून फिरणारी पथके त्यांनी उभारली व ती रणांगणाजवळ पाठविली. १९४३ साली ते स्वतः फ्लोरी या शास्त्रज्ञांबरोबर उत्तर आफ्रिकेत गेले आणि पेनिसिलिन हे तेव्हाचे अगदी दुर्मिळ औषध त्यांनी सैनिकांच्या जखमांवर वापरून पाहिले. फ्लोरी हेही ॲडलेडचेच!

पण या सर्व धामधुमीत एक गोष्ट केर्न्स यांना अस्वस्थ करीत होती. त्यांच्याकडे येणारे कित्येक सैनिक रणांगणावर जखमी झालेलेच नव्हते. लष्कराचे निरोप पोहोचविणारे हे तरुण मोटारसायकलवरून पडून, लॉरेन्स यांच्याप्रमाणेच मस्तक फुटून येत. केर्न्स यांनी आकडे गोळा केले. युद्धाच्या पहिल्या एकवीस महिन्यांत ब्रिटनच्या रस्त्यांवर २२७९ मोटारसायकलस्वार व त्यांच्या मागे बसणारे मरण पावले होते. शिरस्त्राण घातलेले अपघातग्रस्त मात्र त्यांच्या पाहण्यात अवघे सातच आले, आणि ते सातही जण जिवंत राहिले होते. सात ही संख्या लहानच. पण तिच्याकडे दुर्लक्ष करणे त्यांना शक्य नव्हते. ऑक्टोबर १९४१ मध्ये त्यांनी हा लेख प्रसिद्ध केला. पुढच्याच महिन्यात कामावर असलेल्या प्रत्येक लष्करी मोटारसायकलस्वाराने शिरस्त्राण घातलेच पाहिजे, असा हुकूम सुटला.

केर्न्स तेवढ्यावर थांबले नाहीत. ऑक्सफर्डमधील हॉलबर्न नावाच्या पदार्थविज्ञानवेत्त्याने जिलेटिनचा कृत्रिम मेंदू बनवून, आघाताने तो कसा पिळवटला जातो हे तपासले होते. त्याच्याबरोबर केर्न्स यांनी निरनिराळ्या शिरस्त्राणांची परीक्षा केली. महिन्यामहिन्याचे मृत्यूंचे आकडेही ते मांडत राहिले. हुकूम निघाल्यानंतर ते आकडे उतरत गेल्याचे त्यांनी १९४६ साली दाखवून दिले. जो रोगी आपल्या मेजावर येऊच नये, त्याच्यासाठी इतकी वर्षे खपणारा शस्त्रवैद्य विरळाच म्हणावयाचा.

१८ जुलै १९५२ रोजी ऑक्सफर्ड येथे कर्करोगाने केर्न्स यांचे निधन झाले. ब्रिटनमधील सर्वच मोटारसायकलस्वारांना शिरस्त्राण सक्तीचे करणारा नियम त्यानंतर एकवीस वर्षांनी, म्हणजे १९७३ साली, अमलात आला.